बाटलीचा तळ

१

मेलेल्या मुलाकडे नीट बघायचं नाही, असं एनॉक वॉमस्लीनं रस्त्यातच ठरवलं होतं. पण कायद्याला ते चालणार नव्हतं. संशयास्पद मृत्यूच्या चौकशीला बसलेल्या बाराही पंचांनी आधी प्रेत आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि मगच शपथ घ्यायची, असा शिरस्ता होता. म्हणून ऑल्डरक्लफ गावातले बारा घरमालक हातात टोप्या धरून ज्युडिथ क्रँकशॉच्या स्वयंपाकघरात अंग चोरून उभे होते. रोज जिथे लापशीचं भांडं असायचं, त्या टेबलावर धुतलेल्या उशीच्या अभ्र्यावर चार महिन्यांचा जॉब एन्टविसल निजवलेला होता.

"झोपल्यासारखा दिसतोय," पंचांतला खाटीक पुटपुटला.

"झोपवलेलाच आहे," डॉक्टर इन्स म्हणाले. "काल संध्याकाळी मला बोलावलं तेव्हा धुगधुगी होती. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. असं अफूनंच होतं."

एनॉकनं शेवटी बघितलं, आणि मग त्याला नजर काढता येईना. पोराच्या हनुवटीवर काकवीसारखा तपकिरी ओघळ सुकला होता. डॉक्टरांनी कुणाला हात लावू दिला नव्हता, म्हणून तो तसाच राहिला होता.

सदुसष्ट वर्षांच्या एनॉकला ना बायको ना मूल. केर्शॉच्या छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासायची आणि घरी जाऊन पुस्तकं वाचायची, एवढाच त्याचा संसार. बहिणीमागं तिचं घर त्याच्या नावावर झालं आणि त्याचं नाव पंचांच्या यादीत चढलं. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याच्या तोंडाला कोरड पडायची.

गल्लीतल्या आया गिरणीत गेल्या की त्यांची लहान मुलं ज्युडिथ सांभाळायची. सकाळी सहाच्या भोंग्याला मुलं यायची, संध्याकाळी सहाच्या भोंग्याला जायची. तिच्याकडे तिघं होती. दोघं आत्ताही कोपऱ्यात खेळत होती, धडधाकट.

फळीवर 'मदर हॅलीवेलचा विसावा' या औषधाची मोठी बाटली होती. गल्लीत असं एकही घर नसेल जिथे ती नव्हती. दात येताना, पोट दुखताना, आई कामावर असताना, मूल रडलं की एक चमचा. बाटलीच्या वेष्टनावर टोपीतल्या एका प्रेमळ म्हातारीचं चित्र होतं. मदर हॅलीवेल नावाची बाई या पृथ्वीतलावर कधीच नव्हती, हे एनॉकला माहीत होतं. तो ठसा छापखान्यात आधी कपड्यांच्या खळीच्या जाहिरातीसाठी वापरला जायचा.

"बाटलीत चार थेंब उरले होते, ते मी तपासले," डॉक्टर म्हणाले. "अफू ठासून भरलेली. मग रात्रीच दुकानातून याच औषधाची नवी बाटली आणून सकाळी तिच्यातला चमचाभर तपासला. तो इतका सौम्य, की त्यानं मांजराचं पिल्लूसुद्धा पेंगणार नाही."

"म्हणजे या बाटलीत नंतर कुणीतरी काहीतरी घातलं," मृत्यूची चौकशी चालवणारे सरकारी अधिकारी, कॉरोनर पिलिंग म्हणाले.

शिपायानं कपाट उघडलं. पिठाच्या डब्यामागून त्यानं एक निळी कुपी काढली आणि नाकाशी धरली. अफूचा अर्क. कुपी रिकामी होती.

२

'शटल' गुत्त्याच्या माडीवर चौकशी भरली. खाली बिअरची पिंपं लोटल्याचा गडगडाट चालला होता आणि वर एका बाईच्या तुरुंगवासाचा हिशेब.

"कुपी माझीच," ज्युडिथ म्हणाली. साठीची, गुडघ्यांनी अधू, पण मान ताठ. "गुडघ्यांसाठी घेते. शनिवारी संपली."

"आणि पोराला?"

"साहेब, माझे गुडघे मला रात्रभर रडवतात. त्यांचं औषध मी दुसऱ्याच्या पोराला देईन होय?"

"जॉब फार रडका होता म्हणे."

"दात येत होते. तुम्हाला आले तेव्हा तुम्ही काय गात होता?"

पंच हसले, पिलिंग हसले नाहीत. तिनं सांगितलं ते असं. बाटली अकरा दिवसांपूर्वी फोडली. तिघांनाही रोज त्याच बाटलीतून एकेक चमचा. काल दुपारीही आधी दोघांना दिलं आणि शेवटचा चमचा जॉबला. बाटली उपडी करून, ठोकून, होतं नव्हतं ते काढून दिलं.

मग श्री. होराबिन उभे राहिले. विसाव्याचे मालक. एकेकाळी ते खळ विकायचे. आता चर्चमध्ये त्यांचा पहिला बाक होता.

"माझी बाटली आपण पाहा," ते मऊ आवाजात म्हणाले. "बुचावर सरकारी तिकीट आहे. महाराणींचं सरकार विषावर आपला शिक्का मारेल का?"

माना डोलल्या. एनॉकला मात्र खरं माहीत होतं. ते तिकीट फक्त कराचं होतं. कर भरला की ते काकवीलाही मिळालं असतं आणि गटाराच्या पाण्यालाही. बाटलीत काय आहे ते सरकारातल्या कुणीही कधी विचारलं नव्हतं. पण गावातल्या प्रत्येक आईला वाटायचं, राणीनं चाखून पाठवलंय. हे उठून सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. आपल्याला एवढं काय कळतं?

त्याला दुसरंही काही खुपत होतं. तिघांना एकाच बाटलीतून एकाच दुपारी औषध मिळालं होतं. मग विष एकालाच कसं?

जणू त्याच्या मनातलं ऐकूनच पिलिंग म्हणाले, "उघड आहे. दोघांना दिल्यावर हिनं उरलेल्या घोटात आपली कुपी ओतली. रडक्याला गप्प करायला. खून म्हणत नाही मी, पण सदोष मनुष्यवध म्हणतो. शुक्रवारी पुन्हा बसू आणि निकाल देऊ."

म्हणजे वर्षानुवर्षांची सक्तमजुरी. त्या गुडघ्यांनी ती जिवंत परत येणार नव्हती.

जिन्याशी ज्युडिथनं एनॉकची बाही धरली. दोघांचं बालपण एकाच गल्लीत गेलं होतं, पण चाळीस वर्षांत ते हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते.

"एनॉक, तू एवढी पुस्तकं वाचतोस," ती म्हणाली. "मला एवढंच सांग. मी केलं तरी काय?"

३

जॉबच्या आईला भेटायला एनॉक दुसऱ्या दिवशी दुपारी गेला, तेव्हा ती घरी नव्हती. गिरणीत होती. मूल गेल्यावर तिसऱ्याच दिवशी. तिचा माग दुसरीला मिळाला असता तर परत मिळाला नसता.

जेवणाच्या सुट्टीत ॲलिस एन्टविसल गिरणीच्या भिंतीला टेकून भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती. खात नव्हती. केसांत कापसाचे तंतू अडकले होते. वय असेल तेवीस.

"या," ती म्हणाली. "तुम्हीही विचारा. सकाळपासून तिघांनी विचारलं. मूल मेलं की पैसे मिळतात त्या अंत्यविधीच्या भिशीत पोराचं नाव घातलं होतं का म्हणून. घातलं होतं. सगळीच घालतात. मग मीच मारलं असेल, नाही का?"

"मी... मी ते विचारायला नाही आलो."

"मग?"

एनॉकला आपण काय विचारायला आलो ते खरंच आठवेना. तो टोपी फिरवत उभा राहिला. "ज्युडिथनं केलं असेल, असं तुला वाटतं का?"

"मावशीनं?" ॲलिस पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. "मावशीचा जीव होता त्याच्यावर. परवा त्याची पाळी नसताना त्याला तळ दिला तिनं."

"तळ म्हणजे?"

"विसाव्याचा तळ. तुम्ही बाप्ये, तुम्हाला काय ठाऊक. नव्या बाटलीला दम नसतो. पहिले चार दिवस पोरं पितात नि केकाटतात. खरा गुण तळाला. म्हणून आमच्यात पाळी असते, या बाटलीचा तळ तुझ्या पोराला, पुढच्या बाटलीचा माझ्या. मागच्या वेळी क्लेगच्या पोरीला मिळाला. दोन वर्षांची आहे, दीड दिवस गाढ झोपली. तिच्या आईला केवढी शांती. या वेळी पाळी तिसऱ्या पोराची, टॉमीची होती. मी मावशीच्या हातापाया पडले. म्हटलं, माझा जॉब तीन रात्री झोपला नाही, मीही नाही, मागावर माझी बोटं जातील एक दिवस. तळ त्याला दे. तिनं दिला."

तिनं भाकरीचा तुकडा रुमालात परत गुंडाळला.

"पाळी मोडली म्हणून देवानं शिक्षा केली, असं कालपासून डोक्यात येतंय," ती म्हणाली. "असं असतं का हो?"

"नाही," एनॉक म्हणाला. एवढ्या ठामपणे तो आयुष्यात काही बोलला नसावा, आणि लगेच त्याला त्याचीच भीती वाटली. कारण तिला कळलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं, की कुपीतून बाटलीत कुणीच काही ओतलं नव्हतं.

४

कळलं होतं, पण सिद्ध कुठे झालं होतं? केर्शॉच्या छापखान्याच्या दर्शनी खोलीत, पंचांगं आणि प्रार्थनेची पुस्तकं मांडलेल्या फळ्यांवरच, विसाव्याच्या बाटल्या विकायला असत. त्या गावात औषधांची वेष्टनं छापणाराच औषधं विकायचा. एनॉकनं एक मोठी बाटली विकत घेतली, कोटाच्या खिशात घालून घरी नेली आणि एकामागून एक नऊ कपांत ओतली. प्रत्येक कप चाखून थुंकला.

नऊच्या नऊ सारखेच. गोड, मागून किंचित कडवट.

तो खुर्चीत बसून राहिला. झालं. पुस्तकी किड्याची अक्कल. पंचांसमोर उठून बोलला असतास तर पोट धरून हसले असते. ज्युडिथनं ओतली असेल कुपी. माणूस म्हातारपणी काय करेल सांगता येत नाही.

टांगलेल्या कोटाकडे त्याची नजर गेली आणि तो उठला. अर्धा मैल तो चालत आला होता. दर पावलाला बाटली मांडीवर आपटत होती.

त्यानं नऊ कप परत बाटलीत ओतले, बूच लावलं आणि ती खिडकीत ठेवून दिली. गुरुवारी संध्याकाळी कामावरून येताच त्यानं ती अलगद तिरकी केली. पहिल्या कपात नुसती काकवी आणि बडीशेप. आठव्यात कडवट. नवव्यात चिखलासारखं काहीतरी सावकाश घरंगळत आलं, आणि त्याचा थेंब जिभेवर ठेवताच त्याचं सगळं तोंड आक्रसलं. अर्क काकवीत मिसळून राहतो. ही कुटलेली अफू होती. अर्कापेक्षा स्वस्त, आणि तळाशी बसणारी. जुन्या छोट्या बाटलीचा तळ जेमतेम अर्धा चमचा होता. या हिवाळ्यात होराबिननं 'कुटुंबाची बाटली' काढली होती, चौपट मोठी.

नववा कप हातात तसाच राहिला, कारण त्याला आणखी एक गोष्ट आठवली होती, आणि ती आठवायला नको होती.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच छापखान्यात गेला. जुनी प्रुफं वर्षावार दोऱ्यात ओवून माळ्यावर ठेवलेली असत. तीन वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात विसाव्याच्या वेष्टनाचं प्रूफ मिळालं. खालच्या बाजूला एक ओळ होती: 'देण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी.' तिच्यावर काट मारलेली होती. बाजूला एनॉकच्याच बारीक अक्षरात प्रश्न: 'ही ओळ चुकून काढली का?' आणि त्याखाली फर्राटेदार उत्तर: 'मुद्दाम काढली. बायका विचारतात, खाली काय बसतं. होराबिन.'

आणि सगळ्यांत खाली, दर प्रुफावर असते तशी, छापायला परवानगी देणारी सही. ए. वॉमस्ली.

तीन वर्षं. त्या सहीनंतर किती वेष्टनं छापली गेली, त्याला मोजवेना.

"काय शोधतोयस?" केर्शॉ शिडीवर उभे होते. त्यांनी कागद वाचला, सावकाश. मग एनॉकच्या हातून घेतला, घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवला.

"त्याची वेष्टनं बंद झाली तर हे यंत्र बंद होईल," ते म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांचा आवाज जवळजवळ विनवणीचा होता. "अकरा माणसं आहेत माझ्याकडे. तू चौकशीत गप्प बसलास तर तुझं काम आहे. एरवी तू गप्पच असतोस, एनॉक. आज अवघड जाऊ नये."

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. दहाला निकाल होता.

५

"पंचांना आणखी काही विचारायचं आहे?" पिलिंगनी विचारलं, पण ते आधीच कागद आवरत होते. ज्युडिथशेजारी शिपाई येऊन उभा राहिला होता. मागच्या बाकांवर गल्लीतल्या बायका. रजा घेऊन आलेली ॲलिसही.

एनॉक उठला. आपण उठलो आहोत हे त्याला खुर्ची मागे सरकल्याच्या आवाजानं कळलं.

"मिस्टर वॉमस्ली?"

तोंडाला कोरड. कागद नव्हता. समोर पहिल्या रांगेत केर्शॉ, नजर जमिनीकडे. एनॉक म्हणाला असता, 'तुम्ही ओळ काढलीत,' तर होराबिन म्हणाले असते, 'कुठली ओळ?' एका भित्र्या म्हाताऱ्याच्या आठवणीला विचारतो कोण.

"आम्ही... पंचांनी औषध पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "बाटली पाहिली. औषध नाही. होराबिनसाहेबांनी एक चमचा ओतून दाखवला तर."

"ओरडून बोल," मागून कुणीतरी म्हणालं. "उंदीर बोलतोय की पंच?"

पिलिंगनी सुस्कारा टाकला. पण होराबिन हसत पुढे आले. त्यांनी पुराव्यासाठी स्वतःच आणलेली नवी बाटली टेबलावर होती. "अवश्य," ते म्हणाले. "लपवण्यासारखं काही नाही." त्यांनी तिकीट फाडलं, बूच सैल केलं, त्यावर अंगठा दाबला, बाटली उलटी केली आणि तीन हिसके दिले. खणखणीत, सराईत. मग चमचा भरला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"आपण बाटली का हलवलीत?" एनॉकनं विचारलं.

खालचा गडगडाटही नेमका त्याच वेळी थांबला.

"का म्हणजे... सवय."

"कसली सवय, साहेब? वेष्टनावर तसं कुठेच लिहिलेलं नाही. मला माहीत आहे, त्याची प्रुफं मी वाचतो. या माडीवरच्या एकाही बाईनं ती कधी हलवलेली नाही. विचारा त्यांना." त्यानं बाकांकडे बोट केलं. "पूर्वी लिहिलेलं असायचं. आपण ते काढायला लावलंत. खाली काय बसतं ते कुणी विचारू नये म्हणून. ओळ काढता आली. हात मात्र आपला आहे, आणि तो हात वीस वर्षं हे औषध ढवळत आलाय."

"हा माणूस माझी बदनामी करतोय," होराबिन म्हणाले. चमच्यातलं औषध त्यांच्या बाहीवर सांडलं होतं.

"डॉक्टरसाहेब," एनॉक वळला, कारण होराबिनकडे बघत राहिला असता तर त्याचं अवसान गळालं असतं. "आपण दुकानातून आणलेली बाटली. तिच्यातला कुठला चमचा तपासलात?"

"वरचा. अर्थात वरचा." डॉक्टर इन्स बोलता बोलता थांबले. "सोमवारपासून ती माझ्या खिडकीत उभी आहे. कुणी हात लावलेला नाही."

ते स्वतः गेले. दहा मिनिटांनी जिन्यावर त्यांची पावलं वाजली, एकेक पायरी, काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं आणावं तशी. सगळ्यांच्या देखत त्यांनी बाटली सावकाश एका भांड्यात रिकामी केली, अगदी शेवटच्या चमच्यापर्यंत. तो चमचा दाट होता आणि सावकाश उतरला. डॉक्टरांनी त्याला जीभ लावली आणि रुमालात थुंकले.

"हेच," ते म्हणाले. "मुलाच्या बाटलीतलं हेच होतं. आणि मी शपथेवर सांगितलं, की ती बाटली वेगळी आहे."

"ज्युडिथ क्रँकशॉनं काहीही ओतलेलं नाही," एनॉक म्हणाला. "अकरा दिवस ती जड बाटली कुणी हलवली नाही, फळीवरच अलगद तिरकी करून चमचे भरले. तिघांनी वरचं पाणचट प्यायलं. अकरा दिवसांची अफू खाली बसली, आणि ती एका चमच्यात, शेवटच्या..."

त्याला पुढचं बोलायचं नव्हतं. पण बाकांवरून ते कुणीतरी बोललंच.

"तळ," ॲलिस म्हणाली. ती उभी राहिली होती. "मी मागितला. त्याची पाळी नव्हती. मी मावशीच्या पाया पडून मागितला."

६

निकाल दुर्दैवी अपघाताचा लागला. ज्युडिथ सुटली. पंचांना होराबिनचं नाव घालायचं होतं. खाटकानं तर टेबलावर मूठ आपटली. पण पिलिंगनी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. साधा औषधवाला अफू विकेल तर त्यानं बाटलीवर 'विष' असं लिहायलाच हवं. न लिहिलं तर गुन्हा. पण तिकीट लावलेल्या औषधांना यातून सूट आहे. होराबिननी कायद्याचा एक शब्दही मोडला नव्हता.

"म्हणजे लपवलं तर निर्दोष," खाटीक म्हणाला, "आणि सांगितलं तर दोषी."

"कायदा मी केलेला नाही," पिलिंग म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

जिना उतरताना होराबिन केर्शॉना म्हणाले, एनॉकला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "हलवण्याची ओळ परत घाला. आणि वर ठळक छापा: कॉरोनरच्या पंचांसमोर तपासलेलं." त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला होता. महिनाभरात ती वेष्टनं चार परगण्यांत पोचणार होती, आणि जॉब एन्टविसल त्यांच्या खपाला हातभार लावणार होता.

केर्शॉ एनॉकपाशी थांबले. छापखान्यातल्या त्याच्या कपाटाची किल्ली त्यांनी हात पुढे करून मागितली, आणि त्यानं दिली. एकतीस वर्षं. त्याला वाटलं होतं, जास्त जड जाईल.

बाहेर ज्युडिथ गुत्त्याच्या पायरीवर बसली होती. तो शेजारी उभा राहिला. तिनं आभार मानले असते तर त्याला पळून जावंसं वाटलं असतं. तिनं मानले नाहीत.

"तुरुंगात बरं झालं असतं," ती म्हणाली. "तिथे मी म्हटलं असतं, मी काही केलं नाही. आता तू सांगितलंस, मी काय केलं ते."

"ज्युडिथ, तू नाही. त्यानं..."

"त्यानं बाटलीत भरलं. मी चमच्यात. बाटली ठोकली मी, एनॉक. एक थेंब वाया जाऊ नये म्हणून ठोकली."

"माझीही सही आहे त्यावर," एनॉक म्हणाला. हे त्यानं माडीवर सांगितलं नव्हतं. आता तिला सांगितलं, प्रश्न, उत्तर, सही, सगळं. ती ऐकत राहिली. त्याला वाटलं, ही थुंकेल आपल्यावर. तिनं फक्त हात पुढे केला, उठायला आधार म्हणून.

ॲलिस भिंतीशी उभी होती. ज्युडिथ तिच्यासमोर जाऊन थांबली. ॲलिसनं डोक्यावरची शाल काढून म्हातारीच्या खांद्यावर टाकली, कारण थंडी होती, आणि शिपायानं ज्युडिथला शाल घेऊ न देताच सकाळी घराबाहेर काढलं होतं.

"क्लेगकडे मोठी बाटली आहे," ॲलिस म्हणाली. "चार-पाच दिवसांत तळ लागेल."

"आणि हॅना बूथकडे," ज्युडिथ म्हणाली. "आणि कोपऱ्यावरच्या त्या जुळ्यांकडे."

शनिवारी गिरणी दुपारी सुटली. बायका घरी आल्या, आणि ज्युडिथ गल्लीच्या वरच्या टोकापासून निघाली. प्रत्येक दारात ती तेच सांगायची: मी जॉबला तळ दिला आणि तो मेला, तुमची बाटली आणा. ॲलिस बरोबर होती. एनॉक चार पावलं मागं. घरोघरी जाऊन बोलणं त्याच्यानं होणार नव्हतं, पण घरी बसणंही झालं नव्हतं.

कुणी दार लावून घेतलं. कुणी बाटली काढून दिली. हॅना बूथ दारातच भांडली.

"ओतून टाकू? मग सोमवारी काय करू? तू सांभाळणार आहेस का माझं रडतं पोर?"

"हो," ज्युडिथ म्हणाली. "रडतंच सांभाळीन."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि एनॉककाका?" हॅनानं त्याच्याकडे बोट दाखवलं. "हे काय करणार?"

एनॉक लाजला. "मला काम नाही आता," तो म्हणाला. "मला... मला वाटतं, कडेवर घेता येईल. शिकवलं तर."

हॅना आत गेली, फळीवरची बाटली घेऊन आली आणि दारासमोरच्या गटारावर तिनं ती उपडी केली. तपकिरी पाणी भसाभस वाहून गेलं. मग धार थांबली, आणि तळाचं दाट काहीतरी काचेला धरून राहिलं, पडायला तयारच होईना. हॅना ते बघत होती.

आत मूल जागं झालं आणि रडू लागलं.

हॅनानं सवयीनं मागं वळून फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती.

"रडू दे," ज्युडिथ म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत गेली.